दुर्बीण झाली, आता घरी न्यायचं कसं?

नंदगडहून मामांना घेऊन आम्ही सकाळी बेळगावला निघालो तेव्हा त्यांची तक्रार एकच होती, चहा मिळाला नाही. आदल्या रात्रीपासून पोट रिकामं. चार महिने छातीत जळजळ आणि महिनाभरात दोनदा घास गिळताना अडकलेला, म्हणून डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघू म्हटलं होतं. तपासणी दहा मिनिटांत उरकली. तासाभराने सिस्टर खाटेपाशी आली आणि अर्धं कानडी, अर्धं मराठी अशा आपल्याकडच्या भाषेत काय खायचं, काय टाळायचं, परत कधी यायचं ते सगळं सांगून गेली. मामा मान हलवत होते. "हो की, कळलं की." मी तेव्हा खाली बिलाच्या रांगेत होतो. परतीच्या वाटेवर देसूर मागे पडलं आणि मामांनी विचारलं, "मग दुर्बीण कधी घालणार हायेत?"

गाडीत आम्ही हसलो. घरी पोचल्यावर हसू ओसरलं, कारण सिस्टरने काय सांगितलं होतं ते आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. कागद होता, पण तो इंग्रजीत, आणि त्यावरची निम्मी अक्षरं अशी की मेडिकलवाल्यानेही चष्मा काढून पुन्हा लावला.

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या आपल्या पट्ट्यात असं बऱ्याच घरांत होतं. दवाखाना तीस-पन्नास किलोमीटर लांब, कागद एका भाषेत, बोलणं दुसऱ्या भाषेत आणि घर तिसऱ्या भाषेत. तपासणी सोपी असते, सुरक्षितही असते. चुका होतात त्या घरी आणल्यावर. म्हणून हा लेख पेशंटपेक्षा त्याच्याबरोबर जाणाऱ्या माणसासाठी जास्त आहे.

आत नेमकं काय केलेलं असतं

वरची दुर्बीण म्हणजे करंगळीएवढी जाड, मीटरभर लांब, वळणारी नळी. तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा. ती तोंडातून घशात, तिथून अन्ननलिकेत, मग जठरात आणि शेवटी लहान आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत जाते. 1868 साली कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरने अशी तपासणी पहिल्यांदा करून पाहिली तेव्हा नळी सरळ, ताठ होती, आणि ती गिळायला त्याला तलवार गिळणारा खेळकरी गाठावा लागला. आताची नळी मऊ असते, पण घशाला ती नकोच असते. म्हणून घशात बधीर करणारा फवारा मारतात, किंवा तसलंच घट्ट औषध तोंडात धरायला देतात. काहींना शिरेतून गुंगीचं औषध देतात, काहींना देत नाहीत.

घरी नेण्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न इथेच आहे, आणि तो सुटी मिळण्याआधी विचारून घ्या : नुसता फवारा मारलाय की गुंगीही दिलीय? उत्तरावर पुढचा अख्खा दिवस ठरतो. फक्त फवारा असेल तर घसा जागा झाल्यावर माणूस जवळजवळ नेहमीसारखा असतो. गुंगी दिली असेल तर तो दुसऱ्या दिवसापर्यंत जागा दिसतो, पण पुरता जागा नसतो.

दुसरा प्रश्न : नुसतं बघितलंय की आत काही केलंय? बघताना बहुधा चिमटीने कणाएवढे तुकडे काढतात, त्याला बायोप्सी म्हणतात. कधी अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब (पॉलिप) कापतात, अरुंद झालेली अन्ननलिका फुगवून रुंद करतात, किंवा यकृताच्या आजारात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी कडी लावतात. यातलं काही केलं असेल तर काळजीचे दिवस वाढतात.

घसा, डोकं आणि जखम

मला हे सगळं तीन वेगवेगळ्या घड्याळांसारखं वाटतं. घसा तासाभरात जागा होतो. डोकं दिवसभराने जागं होतं. आणि आत काही कापलं-बांधलं असेल तर ती जखम आठवडा, कधी दोन आठवडे घेते. गोंधळ होतो तो एक घड्याळ पुढे गेलं की बाकीची दोन्हीही गेली असं समजल्यामुळे. मामा जेवले म्हणजे आता गाडीही चालवू शकतात, हा तसलाच हिशेब.

घशापासून सुरू करू. फवाऱ्याने घसा बधीर होतो म्हणजे नुसतं दुखायचं थांबतं असं नाही. पाण्याचा थेंब चुकून श्वासनळीकडे वळला तर खोकला येऊन तो बाहेर फेकला जातो, ती राखणही तेवढ्यापुरती झोपते. अशा वेळी चहा पाजला तर तो पोटाऐवजी छातीत उतरू शकतो, आणि ठसकासुद्धा लागत नाही. दोन दिवसांनी ताप, खोकला, धाप सुरू होते तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही की सुरुवात त्या चहापासून झाली. बधिरपणा साधारण अर्धा ते एक तास टिकतो, कुणाला थोडा जास्त. दवाखान्याने वेळ लिहून दिली असेल तर तीच पाळा. ती वेळ झाली की माणसाला ताठ बसवा, आडवं ठेवून नको, आणि साध्या पाण्याचा एक घोट द्या. घोट नीट गेला, ठसका नाही, आवाज घरघरला नाही, तर आणखी दोन. मगच बाकीचं. नाहीतर अर्धा तास थांबा. बाहेर कितीही चांगला चहा मिळत असला तरी दवाखान्याच्या दारातला तो पहिला कप टाळा.

पान, सुपारी, तंबाखूही तोवर बंद. आपल्याकडच्या कितीतरी बायका घरी पोचल्या की हात-पाय धुऊन आधी मिश्री लावतात. तंबाखूचा विषय काढला की घरात भांडण होतं हे मला माहीत आहे, निपाणीच्या बाजूला तर जास्तच. पण बधीर घशाला मिश्रीची थुंकी कुठे जातेय ते कळत नाही. शिवाय जळजळ, अल्सर, अन्ननलिकेचा आजार या सगळ्याला तंबाखू खतपाणी घालते. निदान तेवढा दिवस डबी माळ्यावर ठेवा. कवळी असेल तर तीही घसा पूर्ण जागा झाल्यावरच बसवा, आणि निघताना दवाखान्याच्या वाटीत विसरू नका.

एकदा घोट नीट उतरायला लागले की जेवण सोपं आहे. मऊ भात, वरण, पेज, थंड ताक, नाचणीचं आंबील, इडली, केळं. खानापूरच्या तांदळाची पेज यासाठीच जन्माला आली असावी असं मला नेहमी वाटतं. भाकरी चालते, पण पहिल्या जेवणाला दुधात किंवा ताकात कुस्करून. ठेचा, तांबडा रस्सा, लोणचं आणि कढत पदार्थ त्या दिवशी बाजूला. बेळगावचा गोड कुंदा कुणी आणला असेल तर उद्या. काही कापलं किंवा बांधलं नसेल तर दुसऱ्या दिवसापासून नेहमीचं जेवण, अर्थात मूळ आजारासाठी डॉक्टरांनी जे पथ्य सांगितलं असेल ते धरून.

एक बारीकशी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. आत कापाकापी झाली असेल तर पहिले एक-दोन दिवस कोकम सरबत, बीट, लाल रंगाचं पेय देऊ नका. त्याने काही बिघडत नाही. पण नंतर उलटी झाली आणि ती लाल दिसली, तर ते कोकम की रक्त हे मध्यरात्री बॅटरीच्या उजेडात कोण ठरवणार?

मधुमेह असलेल्यांचं वेगळं. सकाळची साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि पोट उपाशी, अशी गाठ पडली की साखर झपकन खाली येते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळलेलं बोलणं. यातलं निम्मं गुंगीसारखंच दिसतं, म्हणून घरचे "झोपू दे बिचाऱ्याला" म्हणून सोडून देतात. मशीन असेल तर आधी साखर तपासा. घसा जागा असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या. घसा बधीर असताना किंवा माणूस झापडीत असताना तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा. गोळ्या पुन्हा कधी आणि किती सुरू करायच्या हा प्रश्न सुटी घेण्याआधीच विचारायचा.

शहाणा दिसणारा माणूस

आता डोक्याचं घड्याळ. मामांच्या बाबतीत काय झालं ते इथे समजतं. गुंगीसाठी बऱ्याच ठिकाणी मिडाझोलाम नावाचं औषध देतात, कधी त्याच्या जोडीला दुसरं, कधी प्रोपोफॉल. मिडाझोलामची गंमत अशी की माणूस डोळे उघडून बसतो, प्रश्नांना उत्तरं देतो, चपला स्वतः घालतो, पण त्या काळात जे घडतं ते आठवणीत उतरतच नाही. पाटीवर पाण्याने लिहावं तसं. म्हणजे मामांनी सिस्टरला खोटं सांगितलं नव्हतं. त्या क्षणी त्यांना खरंच कळलं होतं. पुढच्या क्षणी ते पुसलं गेलं, इतकंच.

म्हणून सूचना ऐकायला शुद्धीतला माणूस खाटेपाशी हवा. बिल नंतरही भरता येतं. सिस्टर बोलायला आली की फोनवर रेकॉर्ड करायची परवानगी मागा, किंवा कागदाच्या मागे आपल्या भाषेत लिहून घ्या. कानडी समजत नसेल तर मान हलवू नका, पुन्हा विचारा. बेळगावातल्या दवाखान्यांत मराठी समजणारं कुणी ना कुणी सापडतंच, एखादी मावशी नाहीतर वॉर्डबॉय. तरी चार शब्द कानावर असलेले बरे. "ऊट माडबेडी" म्हणजे जेवू नका. "गाडी ओडिसबेडी" म्हणजे गाडी चालवू नका. "होट्टे नोवु" पोटदुखी, "एदे नोवु" छातीत दुखणं, "कप्पु" म्हणजे काळं. उलटीला "वांती" म्हणतात, तापाला "ज्वर", आणि रक्ताला रक्तच.

कागदावरची अक्षरं आणखी एक कानडी. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. बीडी म्हणजे दोनदा. निपाणीकडच्या एका काकूंनी "डॉक्टरांनी बीडी लिहून दिली" असं ऐकल्यावर कपाळाला हात लावला होता, ते मी स्वतः बघितलंय. एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही. ते जेवढ्या वेळासाठी लिहिलंय तो आकडा नीट वाचून घ्या.

औषधाचा अंमल उतरायला साधारण 24 तास धरतात. तेवढ्या वेळात स्वतः गाडी चालवायची नाही, दुचाकीही नाही आणि ट्रॅक्टरही नाही. विळा, कोयता, कडबा कापायचं मशीन, विहिरीवरची मोटर यांच्याजवळ जायचं नाही. चुलीवर मोठं पातेलं चढवायचं नाही. जमिनीच्या कागदावर, बँकेच्या कर्जावर सही नाही, आणि फोनवरून कुणाला पैसे पाठवणंही उद्यावर. बेळगावला आलोच आहोत तर जाता जाता कचेरीतलं कामही उरकू, हा आपला स्वभाव. त्या दिवशी त्याला आवर घाला.

दुचाकीवर मागे बसवून नेणं हाही मोठा घोटाळा. आपल्याकडे सर्रास नेतात, फार तर पेशंटला मधे बसवतात आणि मागचा त्याला धरतो. झापडीतल्या माणसाची पकड कधी सुटेल ते त्यालाही कळत नाही. रिक्षा करा, कुणाची गाडी मागा, बसने जायचं तर आधाराला शेजारी माणूस हवाच. आणि घर जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला असेल, पावसाळ्याचे दिवस असतील, ओढ्याला पाणी आणि फोनला रेंज नाही अशी स्थिती असेल, तर त्या रात्री बेळगावात किंवा खानापुरात कुणा पाहुण्याकडे मुक्काम केलेला बरा. विशेषतः आत काही कापलं-बांधलं असेल तेव्हा. एका रात्रीच्या मुक्कामाचा संकोच करू नये.

पहिल्या रात्री घरात मोठं माणूस असावं. पेशंटला कुशीवर, डोकं थोडं उंच करून झोपवावं, घोरणारा असेल तर नक्कीच. दारू त्या दिवशी आणि रात्री अजिबात नाही. झोपेची गोळी, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, खोकल्याचं झापड आणणारं औषध हेही नाही, कारण अंगात आधीच असलेल्या औषधाच्या जोडीला ती बसली की श्वास मंदावतो. रोज झोपेची गोळी घेणारा असेल तर ती त्या रात्री घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारूनच निघा. आणि घरी आणलेला माणूस हाक मारून, हलवूनही नीट जागा होत नसेल तर त्याला झोप म्हणू नका, दवाखान्यात न्या.

एवढं-तेवढं दुखणारच

घसा एक-दोन दिवस खवखवतो. आवाज बसतो. घशाचा बधिरपणा गेल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात, तेवढ्याने भागतं. पोट फुगल्यासारखं वाटतं, कारण आत नीट दिसावं म्हणून जठरात हवा किंवा वायू भरतात. तो वायू ढेकरांनी किंवा खालून निघून जातो. अंगणात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. पोट फुगलंय म्हणून गोटी सोडा पाजणारे लोक आहेत, त्यांनी वायूवर आणखी वायू चढवलेला असतो. सलाईनची सुई होती तिथे निळं-जांभळं होतं, थोडं दुखतं. ते आठवड्यात जातं. लाली वर चढत गेली, पू दिसला किंवा ताप आला तर दाखवा.

बायोप्सी घेतली असली तरी तिथे दुखत नाही. जठराचं अस्तर ताणलं तर कळतं, पण कणभर चिमटलं तर कळत नाही. रक्त येतं ते थेंबभर, आणि आपोआप थांबतं. थुंकीत एखादी लाल रेघ पहिल्या दिवशी दिसली तर बहुतेक वेळा ती घशातल्या ओरखड्याची असते.

दुखण्यासाठी काय घ्यायचं, यावर मात्र थांबून बोलायला हवं. आपल्याकडे मेडिकलमध्ये "अंगदुखीची गोळी द्या" म्हटलं की पुडी हातात येते. तिच्यात बहुधा डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन असतं. मळणीच्या, लावणीच्या दिवसांत माणसं ती शेंगदाण्यासारखी खातात. जठरातल्या कितीतरी जखमा मुळात याच गोळ्यांनी झालेल्या असतात. ज्या अल्सरसाठी दुर्बीण घातली, त्याच अल्सरला संध्याकाळी पुन्हा तीच गोळी! साधी पॅरासिटामॉल पुरते, तीही यकृताचा आजार असेल तर विचारून. हृदयासाठी, पक्षाघातानंतर किंवा स्टेंट बसवल्यावर रोजची रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि बंद केलेली मनाने चालूही करू नका. कधी सुरू करायची ती तारीख लिहून घ्या.

कधी धावायचं

निव्वळ बघण्याच्या दुर्बिणीत मोठा अपाय फार क्वचित होतो. हजारो तपासण्यांमागे एखाद्याच्या अन्ननलिकेला किंवा जठराला भोक पडतं. पण पडलं तर त्यात तास महत्त्वाचे असतात, आणि ती वेळ आपल्याकडे "गॅस झालाय, ओवा खा" म्हणण्यात जाते. म्हणून गॅसचं दुखणं आणि हे दुखणं यातला फरक ओळखता आला पाहिजे. गॅसचं दुखणं येतं-जातं, ढेकर आली की हलकं होतं. भोकाचं दुखणं वाढतच जातं. मानेत, छातीत, पाठीत किंवा पोटात सारखं दुखतं, श्वास घेतला की टोचतं, पोट फळीसारखं कडक होतं, गिळवत नाही, ताप किंवा हुडहुडी भरते. एक खूण तर अगदी वेगळी : मान किंवा गळ्याशेजारची कातडी सुजते आणि तिथे बोट दाबलं की चुरमुऱ्याच्या पिशवीवर दाबल्यासारखं कुरकुर लागतं. आतली हवा कातडीखाली आलेली असते. अशा वेळी पाणीही पाजू नका, थेट मोठ्या दवाखान्यात, जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे तिथे.

रक्ताची चाहूल दोन वाटांनी लागते. वरून रक्ताची उलटी, लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट. खालून डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच. जोडीला चक्कर, घाम, छाती धडधडणं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. शौचाचा रंग बघायला संकोच वाटतो, तरी बघायला सांगा. लोहाच्या गोळ्या चालू असणाऱ्या बायकांची शौच तशीही काळसर-हिरवट असते, पण ती डांबरासारखी चिकटत नाही आणि तसा वासही मारत नाही. शंका असेल तर दाखवा.

दवाखान्यापासून लांब असलेल्यांनी एक लक्षात ठेवायचं : हे सगळं पहिल्या रात्रीच होतं असं नाही. कोंब कापला असेल तर दोन आठवड्यांपर्यंत रक्त सुटू शकतं. शिरांना रबरी कडी लावली असेल तर साधारण पाचव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत ती गळून पडतात, आणि त्यांच्या जागी जखम उघडी राहते. म्हणजे माणूस एकदम बरा वाटू लागतो, शेतावर जायला लागतो, नेमके तेच दिवस जपायचे. त्या काळात सुरुवातीला पातळ, मग मऊ जेवण, जड उचलणं बंद, कुंथणं टाळायचं, आणि कुठल्या लग्नाला लांब जायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. अन्ननलिका फुगवून रुंद केली असेल तर भोक पडण्याची शक्यता नुसत्या तपासणीपेक्षा जास्त असते, पहिल्या दिवसावर विशेष नजर ठेवा.

108 ला फोन कराल तेव्हा आधी गावाचं नाव, मग तालुका, मग जिल्हा सांगा, आणि कर्नाटक हेही सांगा. सीमेवर एकाच नावाची गावं दोन्हीकडे सापडतात. देऊळ, शाळा, बसथांबा अशी एखादी खूण द्या. निपाणीच्या बाजूच्यांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडतं. अशा वेळी तपासणी कुठे झाली होती हा मान-अपमानाचा प्रश्न करू नका, जो मोठा दवाखाना आधी लागेल तो गाठा. दुर्बिणीचा कागद मात्र हातात असू द्या. त्याचा आधीच फोटो काढून दोघांच्या फोनवर ठेवला तर घाईत शोधत बसावं लागत नाही.

रिपोर्ट कुणी आणायचा

दुर्बिणीच्या कागदावर गॅस्ट्रायटिस, हायटस हर्निया, इरोजन असले शब्द असतात. ते इंटरनेटवर शोधून रात्र जागवण्यात अर्थ नाही. गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराच्या अस्तराला आलेली सूज. इरोजन म्हणजे त्या अस्तरावरची वरवरची झीज. हायटस हर्निया म्हणजे जठराचा वरचा थोडा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला, आणि तो कितीतरी लोकांत असतो. अन्ननलिकेच्या सुजेपुढे ग्रेड ए लिहिलं असेल तर ती सगळ्यात सौम्य पायरी. शाळेतल्या ए ग्रेडसारखा त्याचा अर्थ घेऊन एका गृहस्थांनी पेढे मागितले होते. तसे ते चुकले नव्हते.

बायोप्सी घेतली म्हणजे कॅन्सरचा संशय, हा समज मात्र घरोघरी आहे. बऱ्याचदा तुकडा घेतात तो हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधायला. तो जठरात राहतो आणि अल्सर करतो. त्याची झटपट चाचणी करताना औषधाचा रंग पिवळ्याचा गुलाबी झाला की जंतू आहे. तो सापडला तर दोन प्रकारची जंतुनाशकं आणि आम्ल कमी करणारी गोळी असा कोर्स देतात, बहुधा 14 दिवसांचा. तोंड कडू पडतं, मळमळतं, आणि चौथ्या दिवशी जळजळ थांबल्यावर गोळ्या डब्यात राहून जातात. अर्धवट मारलेला जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला जुमानत नाही, म्हणून पुरा करा. आम्ल कमी करणारी गोळी, पँटोप्राझोल किंवा तिच्या बहिणी, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. जेवल्यावर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो.

पॅथॉलॉजीकडे गेलेल्या तुकड्याचा रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. रिपोर्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं घरचे गृहीत धरतात. तो कुठल्यातरी टेबलावर पडलेला असतो. तपासणीच्याच दिवशी विचारा : रिपोर्ट कुठून न्यायचा, किती दिवसांनी, फोन कुणाला करायचा. ती तारीख आणि तो नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि घरातल्या एका माणसाचं नाव त्यापुढे टाका.

आमच्या घरी त्या कॅलेंडरवर माझं नाव होतं. घरी पोचल्याच्या संध्याकाळी मी दवाखान्यात फोन लावला. त्याच सिस्टरची ड्यूटी होती, तिने न कंटाळता सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी पुरतं मराठीत. मी लिहून घेतलं. मामांनी तोवर पेज संपवली होती. आठव्या दिवशी रिपोर्ट आणला, सूज निघाली, जंतू निघाला, बाकी काही नाही. दुर्बीण घातलेली मामांना अजून आठवत नाही. चहा मिळाला नव्हता ते मात्र पक्कं लक्षात आहे.